विश्लेषण : गाडले गेलेले गाव कसे वाचायचे? ह. धी. सांकलिया यांनी महाराष्ट्राला काय शिकवले?

मालाडच्या खाणीतला पिवळसर दगड मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारतींना लागला आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची वास्तू त्यांपैकीच एक. कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा दगड या दोन्हींतून ती उभी राहिली. जुन्या काळी अशा संग्रहालयांत येणाऱ्या प्राचीन वस्तूंबरोबर बहुतेक वेळा गावाचे नाव तेवढे येत असे. मडके घराच्या कोणत्या कोपऱ्यात होते, त्याच्या शेजारी चूल होती की धान्याचे पेव, हे कोणी लिहून ठेवलेले नसे. माणसे कशी राहत होती, हे मात्र त्या नोंदीवरूनच कळते. महाराष्ट्रात अशी नोंद काटेकोरपणे ठेवण्याची शिस्त ज्यांनी रुजवली, त्यांत डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८–१९८९) यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईत जन्मलेल्या या पुरातत्त्वज्ञाचे आयुष्य आणि त्यांच्या पुढाकाराने उलगडलेले साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक गाव, यांचा हा आढावा.

जागेचा वापर म्हणजे नेमके काय?

मालाडच्या एखाद्या चाळीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणावी. खोली एकच, पण प्रत्येक कोपऱ्याचे काम ठरलेले. एका बाजूला ओटा, शेजारी मोरी, भिंतीवर देव्हारा, दाराजवळ पाहुण्याची खुर्ची आणि मधली जागा रात्री अंथरुणासाठी. कुटुंब सामान घेऊन निघून गेले, तरी ओट्यावरच्या भिंतीवरचा तेलकट डाग, मोरीपाशी झिजलेली फरशी आणि खुंट्यांची भोके मागे राहतात. त्यांवरून खोलीत कोण काय करत होते, याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

पुरातत्त्वज्ञ हेच काम करतात. फरक इतकाच की त्यांच्या वाट्याला आलेल्या घराच्या भिंती पडलेल्या असतात, छप्पर कुजून गेलेले असते आणि वर शतकानुशतकांची माती साचलेली असते.

साष्टीतल्याच कान्हेरीला जागेचा वापर थेट डोळ्यांनी दिसतो. भिक्षूच्या खोलीतला दगडात कोरलेला ओटा, दाराबाहेरचे पाण्याचे टाके, एकत्र जमण्याचे मोठे दालन, हे सारे खडकात टिकून आहे. मातीच्या आणि कुडाच्या घरांचे तसे होत नाही. शेतकऱ्यांचे, कुंभारांचे, गुराख्यांचे घर शोधायचे तर जमिनीतला मातीचा बदललेला रंगही ओळखता यावा लागतो.

हा अभ्यास साधारण तीन पातळ्यांवर चालतो. पहिली घराच्या आतली : चूल कुठे, साठवण कुठे, काम कुठे. दुसरी घराघरांमधली : मोठी घरे कुठे, लहान कुठे, गल्ली कशी. तिसरी गाव आणि परिसर यांच्यातली : नदी किती दूर, शेत कुठे, शेजारचे गाव किती अंतरावर. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ गॉर्डन विली यांनी पेरूमधील विरू खोऱ्यातील वसाहतींचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध केला आणि तिसऱ्या पातळीला जगभर महत्त्व आले. महाराष्ट्रात या तिन्ही पातळ्या एकाच ठिकाणी अभ्यासल्या गेल्या, त्या इनामगावात.

सांकलिया पुरातत्त्वाकडे कसे वळले?

सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, गुजराती कुटुंबात झाला. दिवस पूर्ण होण्याआधीच जन्मलेले हे मूल इतके अशक्त होते की ते जगेल, अशी कुणाला फारशी आशा नव्हती. पुढे याच मुलाने उन्हातान्हात नदीकाठ तुडवण्यात आयुष्य घालवले.

वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या वेदांविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद पडला. आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे, असे त्यात मांडले होते. त्या वयात त्यातले किती कळले असेल, हा भाग वेगळा. पण माणसे कुठे राहत होती, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. टिळकांप्रमाणे आपणही संस्कृत शिकायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरवले.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांना फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश जेझुइट इतिहासकार गुरू म्हणून लाभले. हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली सांकलिया यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो १९३४ मध्ये पुस्तकरूपाने आला. तोवर त्यांचा अभ्यास ग्रंथ, शिलालेख आणि शिल्पे यांच्या आधारेच चालला होता. मातीशी संबंध आला तो लंडनला गेल्यावर.

लंडनमध्ये ते काय शिकले?

लंडन विद्यापीठात त्यांनी गुजरातच्या पुरातत्त्वावर डॉक्टरेटचे काम केले. त्याच काळात इंग्लंडच्या डॉर्सेट भागातील मेडन कॅसल या प्राचीन टेकडी-किल्ल्यावर मॉर्टिमर व्हीलर यांचे उत्खनन सुरू होते. सांकलिया यांनी तिथे प्रत्यक्ष काम केले. हेच व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले.

व्हीलर यांची पद्धत शिस्तीची होती. जमिनीवर सारख्या आकाराचे चौकोन आखायचे. दोन चौकोनांमध्ये मातीचा बांध न खणता तसाच ठेवायचा, म्हणजे त्याच्या उभ्या कडेवर थर एकाखाली एक दिसत राहतात. कोणती वस्तू कोणत्या चौकोनात, कोणत्या थरात आणि किती खोलीवर मिळाली, हे जागच्या जागी टिपायचे.

या पद्धतीमागचे कारण साधे आहे. उत्खनन हे एकदाच करता येते. थर खणला की तो संपतो; तो पुन्हा होता तसा रचता येत नाही. त्यामुळे नोंद चुकली तर ती माहिती कायमची गेली.

डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी काय उभे केले?

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये सरकारने बंद केले होते. १९३९ मध्ये ते पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि सांकलिया तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. इरावती कर्वे त्यांच्या सहकारी होत्या. १९४०च्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे सूक्ष्म दगडी हत्यारे वापरणाऱ्या माणसांचे सांगाडे मिळाले, त्या शोधकार्यात कर्वे यांचाही सहभाग होता.

त्या काळी भारतीय पुरातत्त्वापुढचा मोठा प्रश्न होता : हे किती जुने? महाराष्ट्रापुरता तर तो फारच निकडीचा होता. मौर्य-सातवाहन काळाच्या आधी इथे शेती करणारी गावे होती का, याचे खात्रीशीर उत्तर नव्हते.

हे उत्तर प्रवरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतून मिळाले. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्वेला लाल रंगावर काळी नक्षी असलेली, पातळ आणि उत्तम भाजलेली मडकी मिळाली. तोटी असलेले भांडे ही त्यांची ओळख. दगड आणि तांबे दोन्ही वापरणाऱ्या या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जोर्वे गावाचेच नाव मिळाले. पुढे ज्ञानेश्वरीमुळे घरोघरी ठाऊक असलेल्या नेवाशालाही तिचे अवशेष सापडले. तिथे एका बालदफनातील तांब्याच्या मण्यांच्या माळेत धाग्याचे अवशेष टिकून राहिले होते.

महाराष्ट्राचा ज्ञात भूतकाळ अशा रीतीने एकदम हजारभर वर्षे मागे गेला.

कांदिवलीचा या कथेशी संबंध काय?

मालाडच्या पुढचे स्थानक कांदिवली. तिथल्या गाळाच्या थरांत नौदलातील अधिकारी के. आर. यू. टॉड यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली होती. मुंबई परिसरातील या हत्यारांवरचा त्यांचा निबंध १९३९ मध्ये लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सांकलिया डेक्कन कॉलेजात आले, तेच हे वर्ष. साष्टीच्या किनारी पट्ट्यातील सूक्ष्म हत्यारांवरही टॉड यांनी नंतर लिहिले. १९६०च्या दशकात सांकलिया यांनी मुंबईच्या अश्मयुगाचा फेरविचार करणारा लेख लिहिला.

जागेच्या अभ्यासाच्या दृष्टीने कांदिवलीचे उदाहरण एक अडचण दाखवते. वाहत्या पाण्याने आणलेल्या रेव्यात आणि गाळात मिळालेले हत्यार हे माणसाने टाकले तिथेच असते असे नाही. पाणी त्याला ढकलत नेते, वेगवेगळ्या काळांतल्या वस्तू एकत्र आणते. असे हत्यार माणसाच्या वावराचा पुरावा ठरते, थर नीट असतील तर काळाचा क्रमही देते. पण तो माणूस नेमका कुठे बसला, दगड कुठे फोडला, शिकार कुठे कापली, हे सांगत नाही.

म्हणूनच पुरातत्त्वज्ञ आधी एक गोष्ट तपासतात : वस्तू मूळ जागी आहे का? हत्याराच्या कडा पाण्याने गोल झाल्या असतील तर ते प्रवास करून आलेले. कडा धारदार असतील आणि शेजारीच त्याच दगडाच्या छिलक्यांचा खच असेल, तर तिथेच कुणीतरी बसून काम केलेले असण्याची शक्यता मोठी.

‘किती जुने’पासून ‘कसे राहत’पर्यंत

पन्नाशीच्या दशकात सांकलिया यांचा प्रश्न बदलू लागला. याला दोन कारणे होती.

पहिले कारण तंत्राचे. कोळसा किंवा जळलेले धान्य यांतील कार्बन-१४ मोजून काळ ठरवण्याची पद्धत उपलब्ध झाली. १९६०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी प्रयोगशाळा काम करत होती. काळाचे उत्तर प्रयोगशाळेतून मिळू लागल्यावर उत्खननाला दुसरे प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली.

दुसरे कारण नर्मदाकाठचे. महेश्वरसमोरच्या नावडाटोली येथे १९५२-५३ आणि १९५७-५९ मध्ये सांकलिया यांनी उत्खनन केले. अरुंद आणि खोल चर घेतला की कोणत्या थराखाली कोणता थर, हे कळते. पण त्या चरात घराचा एखादा कोपराच येतो. घर पाहायचे तर माती आडवी, रुंद उघडावी लागते. नावडाटोलीला असे क्षेत्र उघडले तेव्हा गोल, चौकोनी आणि लांबट घरांचे आराखडे दिसू लागले. खांब कधीच कुजले होते, पण ते रोवलेल्या जागी वेगळ्या रंगाची माती भरलेले खळगे उरले होते. खळगे जोडत गेले की भिंत उभी राहते.

यातले त्रांगडे असे की आडवे उत्खनन वेळ आणि पैसा दोन्ही खाते. त्याच खर्चात पाच नवी ठिकाणे तपासता येतात, नवे शोध जाहीर करता येतात. एकाच गावात वर्षानुवर्षे बसून राहायचे, हा निर्णय कोणत्याही संस्थेला जड जाणारा. साठीला पोहोचलेल्या सांकलिया यांनी तो घेतला.

इनामगावच का?

इनामगाव हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी असलेल्या घोडनदीच्या काठी आहे. मराठी खेड्यात शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण आणि कचरा साचून वस्तीची माती फिकट होते, म्हणून ती पांढरी. ओसाड पडलेल्या गावाचे पांढरीचे टेकाड दुरूनही ओळखू येते. शेतकरी अशी माती खत म्हणून शेतात नेतात. पुरातत्त्वज्ञ महाराष्ट्रातल्या जुन्या वस्त्या शोधताना याच पांढरीचा माग काढतात.

इथे १९६८ मध्ये सुरू झालेले काम १९८३ पर्यंत, बारा हंगाम चालले. सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले. पुढची जबाबदारी मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या सहकाऱ्यांनी पार पाडली. १३०हून अधिक घरांचे अवशेष उघड झाले. ताम्रपाषाणयुगातील एखादे गाव इतक्या विस्ताराने अभ्यासले जाण्याची उदाहरणे भारतात फार थोडी आहेत.

वस्तीचे तीन टप्पे दिसले. साधारण इ. स. पू. १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा आरंभीच्या जोर्वेचा आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वेचा काळ.

जमीन कशी वाचली जाते?

सारवलेली, चोपलेली जमीन हा घराचा सर्वात बोलका भाग. वारंवार सारवल्याने तिचे पातळ पापुद्रे एकावर एक चढतात. पापुद्रे मोजले की घर किती काळ वापरात होते, याची कल्पना येते. भाजून लाल झालेली माती आणि राख म्हणजे चूल किंवा आगटी. जमिनीत खोल गेलेला, आतून लिंपलेला खड्डा म्हणजे पेव. मातीचा गोल ओटा किंवा चार सपाट दगड दिसले, तर त्यावर कणगी किंवा रांजण ठेवत असावेत.

माती पाण्यात कालवली की जळलेले धान्य वर तरंगते. ते गाळून घेतले की पीक कळते. इनामगावात सातू हे महत्त्वाचे धान्य होते, असे यातून दिसले. हाडांवरच्या कापल्याच्या खुणांवरून कोणते जनावर खाल्ले जात होते ते कळते. मातीतले फॉस्फेटचे प्रमाण गोठा किंवा उकिरडा कुठे असेल, याचा संकेत देऊ शकते. झाडलोट करताना मोठा कचरा बाहेर जातो, पण दगडाचे बारीक कण, मण्यांचे तुकडे जमिनीत रुतून बसतात. त्यामुळे काम कुठे चालायचे, हे शोधताना मोठ्या वस्तूपेक्षा हा बारीक भुगा अधिक भरवशाचा ठरतो.

आणखी एक साधन म्हणजे आजची खेडी. कुडाचे घर कसे बांधतात, किती वर्षे टिकते, पडल्यावर त्याचे काय उरते, हे जिवंत घरांत पाहायचे आणि मग उत्खननातल्या खुणांशी ताडून बघायचे. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी सत्तरीच्या दशकात अलास्कातील नुनामिउत शिकाऱ्यांमध्ये राहून, शेकोटीभोवती बसलेली माणसे हाडांचे तुकडे कुठे टाकतात, याच्या अशाच नोंदी केल्या होते तसे काम पुण्याच्या संस्थेतही खेड्यापाड्यांत सुरू झाले. सांकलिया यांचे या नव्या प्रवाहाकडे बारीक लक्ष होते. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९७७ मध्ये, त्यांनी या नव्या पुरातत्त्वाचा भारतात काय उपयोग, यावर पुस्तक लिहिले.

गावाच्या नकाशातून काय दिसले?

आरंभीच्या जोर्वे काळात इनामगावची घरे लांबट चौकोनी होती. अनेक घरे साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, म्हणजे मालाडच्या चाळीतल्या खोलीपेक्षा थोडी मोठी. ती ओळीने बांधलेली होती आणि दोन घरांमध्ये दीड मीटरच्या आसपास मोकळी जागा होती. ही गल्ली असावी.

सारी घरे सारखी नव्हती. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा अशा कारागिरांच्या वस्तीच्या खुणा पश्चिमेच्या कडेला मिळाल्या. सधन शेतकऱ्यांची घरे मध्यभागी होती. तिथेच पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. नदीच्या बाजूला बांध आणि पाण्याचा पाट यांचेही अवशेष मिळाले. पाट खणायला, बांध घालायला आणि कोठार भरायला अनेक हात लागतात, आणि त्या हातांना कामाला लावणारे कुणीतरी लागते. त्यावरून या गावाला प्रमुख होता आणि पाच खोल्यांचे घर त्याचे होते, असा निष्कर्ष ढवळीकर आणि सहकाऱ्यांनी काढला.

उत्तर जोर्वे काळात चित्र पालटले. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. मडक्यांची नक्षीही ओसरली. पाऊस कमी झाला, शेती आटली, लोक गुरे-शेळ्यांवर अधिक विसंबून राहू लागले आणि अखेर गाव ओस पडले, अशी मांडणी करण्यात आली.

घराच्या जमिनीखाली मृत व्यक्ती का?

इनामगावात मृतांसाठी गावाबाहेर वेगळी जागा नव्हती, असे बहुतेक दफनांवरून दिसते. लहान मुलांना दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. प्रौढांना उताणे ठेवत, डोके उत्तरेला. त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळली. मृताने परत चालत येऊ नये किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून असे करत असावेत, हा त्यावरचा तर्क.

पाच खोल्यांच्या घराच्या अंगणातले दफन मात्र निराळे निघाले. चार पाय असलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात एका प्रौढ पुरुषाला मांडी घातलेल्या स्थितीत बसवले होते आणि त्याची पावले शाबूत होती. घर, कोठार आणि दफन या तीन गोष्टी एकाच जागी आल्यामुळे गावप्रमुखाच्या तर्काला बळ मिळाले. तोच रांजण जागेच्या नोंदीशिवाय संग्रहालयात पोहोचला असता, तर एक चमत्कारिक भांडे एवढीच त्याची ओळख उरली असती.

एका घराच्या कोपऱ्यात जमिनीखाली मातीच्या डबीत ठेवलेली स्त्रीमूर्ती, तिच्याबरोबर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला. दिसू नये अशा जागी, घरातल्यांच्या पायाखाली ती पुरली होती. तेव्हा हे खेळणे नसून घरगुती श्रद्धेचा भाग असावा, असे मानले जाते.

या निष्कर्षांवर शंका घेता येते का?

घेता येते, आणि घेतली गेलीही आहे. पाच खोल्या म्हणजे प्रमुखाचेच घर, असे जमीन सांगत नाही. ते मोठे एकत्र कुटुंब असू शकते, गावाचे सामायिक कोठार सांभाळणारे असू शकते किंवा धार्मिक कार्य करणाऱ्याचे असू शकते. जमीन फक्त खोल्या, कोठार आणि रांजण एकत्र असल्याचे सांगते. पुढचे अनुमान माणसाचे असते.

उत्तर काळातील ऱ्हासाचे कारण दुष्काळच होते का, यावरही वाद आहे. नंतरच्या अभ्यासकांनी बालकांच्या सांगाड्यांची नव्याने तपासणी करून जुन्या मांडणीतील काही दुवे पुन्हा तपासायला घेतले. गोल झोपडी म्हणजे गरिबी, हे समीकरणही सगळीकडे लागू पडत नाही.

शिवाय रिकामे घर फसवते. लोक गाव सोडताना उपयोगाच्या वस्तू घेऊन जातात. मागे उरते ते मोडके. ओस घरात शेजारी कचरा टाकतात, उंदीर बिळे पाडतात, पाऊस माती वाहून नेतो. वस्तू जिथे सापडली तिथेच ती वापरली जात होती, असे गृहीत धरणे म्हणून धोक्याचे.

हा वाद आज घालता येतो, याचे कारण मूळ नोंदी उपलब्ध आहेत. कोणते हाड कोणत्या घरात, कोणत्या थरात मिळाले, हे लिहिलेले आहे. त्यामुळे पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासकही तेच पुरावे घेऊन वेगळ्या निष्कर्षाला पोहोचू शकतो.

सांकलिया यांनी मागे काय ठेवले?

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. भारत आणि पाकिस्तानच्या प्रागैतिहासिक काळावरचा त्यांचा मोठा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरला. म. श्री. माटे यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्राच्या पुरातत्त्वावर मराठीत पुस्तक लिहिले. १९७८ मध्ये आत्मचरित्र आले. पण त्यांचा मोठा वारसा म्हणजे डेक्कन कॉलेजात तयार झालेली माणसे. वनस्पती, प्राण्यांची हाडे, मानवी सांगाडे, भूशास्त्र अशा वेगवेगळ्या विषयांचे जाणकार एकाच उत्खननावर काम करतात, ही पद्धत तिथे रुजली.

इनामगावचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी अशी तिघांची नावे आहेत. पुढच्याच वर्षी, २८ जानेवारी १९८९ रोजी सांकलिया यांचे निधन झाले.

मालाडच्या वाचकाने हे का जाणून घ्यावे?

टॉड यांनी हत्यारे वेचली ती कांदिवली आज इमारतींखाली आहे. साष्टीत पायलिंगची यंत्रे रोज जमीन खणतात. एखाद्या खड्ड्यात खापराचा किंवा कोरीव दगडाचा तुकडा वर आला, तर तो कुणीतरी कुतूहलाने घरी नेतो, देवळापाशी टेकवून ठेवतो किंवा तो डेब्रिसच्या ट्रकमधून निघून जातो. वस्तू वाचली तरी जागा हरवते.

असे काही दिसले तर ते न हलवता आधी फोटो काढावा. शेजारी पेन किंवा चप्पल ठेवली तर आकार कळतो. मग सभोवतालचा एक फोटो, फोनमधले लोकेशन, तारीख आणि अंदाजे खोली. ही माहिती राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवता येते. मेडन कॅसलच्या चौकोनांत सांकलिया मोजपट्टी आणि वही घेऊन जे टिपायला शिकले, त्याची सुरुवात आता खिशातल्या फोनवरही होऊ शकते.